रकान्यातला अफजलखान

आठवीतल्या मुलाला वर्षाच्या शेवटी एफआयआर कसा नोंदवतात ते करून दाखवता आले पाहिजे. ही कुणा हौशी फौजदाराची सूचना नव्हे. एनसीईआरटीने २०१७ साली पहिली ते आठवीसाठी ज्या अध्ययन निष्पत्ती ठरवून दिल्या, त्यांत आठवीच्या सामाजिक शास्त्रांखाली ती रीतसर नोंदलेली आहे. भल्याभल्या प्रौढांना पाकीट मारले गेल्यावरही पोलीस ठाण्याची पायरी चढावी की नाही असा प्रश्न पडतो. तेरा वर्षांच्या मुलाला मात्र ते नुसते माहीत असून भागत नाही. ‘करून दाखवतो’ असे क्रियापद आहे.

एखाद्या हिकमती बाईंनी वर्गात याचे नाट्यीकरण करायचे ठरवले, तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. दोन बाक जोडून ठाणे होते, खडूने पाटी रंगते, कंपासपेटी चोरीला गेलेला फिर्यादी उभा राहतो आणि ठाणे अंमलदार झालेला मुलगा मान वर न करता म्हणतो, “साहेब बाहेर गेलेत. उद्या या.” फिर्यादी चिवट निघाला, तर दुसरे वाक्य येते, “ती हद्द आमची नाही.” ही दोन्ही वाक्ये पाठ्यपुस्तकात नसतात. मुलाने ती परिसर अभ्यासातून मिळवलेली असतात. पण बाई खरोखरच हिकमती असतील, तर त्यांचा धडा नेमका इथे सुरू होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही आणि नोंदीची प्रत फुकट मिळते. एवढे तीन मुद्दे घेऊन आठवीचा वर्ग घरी गेला, तर गावातल्या निम्म्या मोठ्या माणसांपेक्षा तो शहाणा झाला म्हणायचा.

दुर्दैवाने बाईंच्या वार्षिक नियोजनात या सगळ्याला जागा असते ती एका ओळीची. रकाना पहिला, महिना. रकाना दुसरा, घटक. तिसरा, तासिका. चौथा, अध्ययन निष्पत्ती क्रमांक. पाचवा, साहित्य, ज्यात ‘पाठ्यपुस्तक, खडू, फळा’ असे गेल्या कित्येक पिढ्या लिहिले जाते. खडू-फळ्याशिवाय शिकवणारा कुणी सापडलाच तर पकडता यावा, म्हणून हा रकाना असावा.

निष्पत्तींच्या आधी हेतू होते. डी.एड., बी.एड. केलेल्या कुणालाही मध्यरात्री हलवून उठवले, तरी तो ‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ असे एका दमात म्हणतो आणि पुन्हा झोपतो. या मंत्राचे मूळ शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांच्या १९५६ सालच्या वर्गीकरणात आहे. त्यांच्या पायऱ्या सहा होत्या. विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन या वरच्या तीन आपल्या पाठ टाचणापर्यंत पोचता पोचता दमल्या. मग १९६२ साली रॉबर्ट मेगर या दुसऱ्या अमेरिकी गृहस्थांनी बजावले की, उद्दिष्ट असे लिहा की ते डोळ्यांना दिसले पाहिजे. ‘समजते’ हे दिसत नाही, ते काढा. तेव्हापासून आपला विद्यार्थी प्रत्यास्मरण करतो, वर्गीकरण करतो, फरक स्पष्ट करतो, उदाहरण देतो. त्याला काही समजते की नाही, हे विचारण्याची सोय राहिलेली नाही.

पाठाच्या पायऱ्या मात्र त्याहून जुन्या आणि जर्मन आहेत. हर्बार्ट हा तत्त्वज्ञ १८४१ मध्ये वारला. त्याच्या शिष्यांनी घालून दिलेल्या पायऱ्यांवरून महाराष्ट्रातले सराव पाठ अजून चढतात-उतरतात. त्यातली ‘प्रस्तावना’ म्हणजे मुलांच्या पूर्वज्ञानाला हात घालून त्यांना नव्या घटकापाशी आणणे. “मुलांनो, सकाळी उठल्यावर काय पिता?” “चहा.” “चहात काय घालता?” “साखर.” “साखर कशापासून होते?” “ऊस.” “ऊस कुठे पिकतो?” “शेतात.” “शेताला पाणी कुठून येते?” “नदीतून.” “शाब्बास! तर आज आपण महाराष्ट्रातील नद्या हा घटक अभ्यासणार आहोत.” वर्गात एखादे पोर ‘मी दूध पितो’ म्हणाले की अख्खी प्रस्तावना कोसळते. म्हणून सराव पाठाच्या आदल्या दिवशी मुलांना चहा पाजून, म्हणजे उत्तरे पढवून, ठेवण्याची प्रथा पडली.

अध्ययन निष्पत्ती आल्या त्या हे सगळे मोडून काढायला. २०१७ च्या फेब्रुवारीत शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन त्यांना कायद्याचे बळ मिळाले. राज्यांनी थोड्याफार फरकाने त्या स्वीकारल्या. प्रत्येक निष्पत्तीला क्रमांक मिळाला. आधी इयत्ता, मग विषयाचा आकडा, मग अनुक्रम. इतिहास-नागरिकशास्त्र म्हणजे ७३ एच, भूगोल म्हणजे ७३ जी. शिक्षकांच्या खोलीत आता “तुझा अशोक कितीवर बसवलास?” असे प्रश्न विचारले जातात, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

निष्पत्तींच्या मूळ तक्त्याला दोन रकाने आहेत. उजव्या रकान्यात निष्पत्ती, म्हणजे मुलाला अखेर काय करता यावे ते. डाव्या रकान्यात त्यासाठी वर्गात काय काय करावे याच्या सूचना: बाजारात न्या, म्हाताऱ्या माणसांशी बोलायला लावा, जुनी नाणी दाखवा, नकाशा वाचू द्या, ग्रामसभेला बसवा. नियोजन करताना उजवा रकाना क्रमांकासकट उतरवून घेतला जातो. डाव्या रकान्याला क्रमांक नाही. ज्याला क्रमांक नाही ते तपासता येत नाही, आणि जे तपासले जात नाही ते लिहून हात कोण दुखवणार? तपासायला आलेले साहेब क्रमांक बघतात, हिरव्या शाईने बरोबर करतात आणि चहाला बसतात. जून महिन्यात शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘निष्पत्तीनिहाय वार्षिक नियोजन, सर्व विषय’ अशी पीडीएफ फिरू लागते. ती चंदगडातून निघून धडगावपर्यंत जाते आणि वाटेत फक्त शाळेचे नाव बदलते. क्वचित तेही राहून जाते.

मुळात गाडी उलटी जोडली आहे. शिकागो विद्यापीठातलेच राल्फ टायलर यांनी १९४९ साली एका छोट्या पुस्तकात क्रम सांगून ठेवला: आधी शाळेला काय साधायचे ते ठरवा, मग त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, मग त्यांची रचना, मग ते साधले की नाही याची तपासणी. आपल्याकडे आधी धडा असतो. धड्यानंतर तासिका, तासिकांनंतर परीक्षेची तारीख आणि सगळे झाल्यावर ‘याला कुठला नंबर द्यायचा?’ म्हणून शोधाशोध. लग्न लागून गेल्यावर पत्रिका जुळवण्याचाच हा प्रकार. त्यामुळे छत्तीस गुण दर वेळी जुळतात.

गंमत अशी की, साध्यापासून मागे येत नियोजन कसे करावे, याचा उत्तम नमुना चौथीच्या पुस्तकातच छापलेला आहे. १६५९ साली शिवाजी महाराजांनी आधी काय ठरवले? अफजलखान जावळीत आला पाहिजे. वाईच्या मोकळ्या रानात त्याच्या फौजेशी गाठ नको. हे एकदा ठरल्यावर बाकीचे मागे मागे येत गेले. मुक्काम प्रतापगडावर. भीती वाटते असा निरोप. खानाकडून कृष्णाजी भास्कर आला, इकडून पंताजी गोपीनाथ गेले. गडाच्या पायथ्याला शामियाना. दोन्ही बाजूंना मोजके अंगरक्षक. रानात दबा धरलेल्या तुकड्या आणि त्यांच्यासाठी तोफेचा इशारा. १० नोव्हेंबरला जे घडले, त्यातला बराचसा भाग आधी ठरलेला होता. खानाने पहिला वार करणे सोडले, तर ऐन वेळचे फारसे काही नव्हते, आणि त्याचीही सोय अंगरख्याखाली चिलखत घालून केलेली होती.

आणि हाच पाठ शिकवताना टाचणात काय लिहिले जाते? ‘विद्यार्थी प्रतापगडाच्या प्रसंगाचे प्रत्यास्मरण करतो.’ तासिका दोन. साहित्य, पाठ्यपुस्तक, खडू, फळा, प्रतापगडाचे चित्र. वर्गातली सगळी मुले हा प्रसंग बालवाडीपासून तोंडपाठ म्हणत असतात. गॅदरिंगमध्ये निदान दोघांनी तरी खान केलेला असतो. त्यांनी प्रत्यास्मरण करावे ते कशाचे? त्याऐवजी वाई, जावळी आणि प्रतापगडाचा नकाशा पुढे टाकून ‘खानाने वाई सोडलीच नसती तर?’ एवढे विचारले, तर दोन तासिका पुरणार नाहीत. आणि ती नेमकी कारणमीमांसा असेल, जी उजव्या रकान्यात ‘विश्लेषण करतो’ म्हणून लिहिलेली असते आणि वर्गात कधी अवतरत नाही.

काही निष्पत्ती खरोखरच हेवा वाटावा अशा आहेत. सातवीच्या मुलाने एखादा माल निरनिराळ्या बाजारांतून कसा प्रवास करतो, ते शोधून काढायचे आहे. निफाड तालुक्यातल्या मुलाला हे लिहून देणे म्हणजे माशाला पोहण्याची निष्पत्ती देणे. पोळ, रांगडा आणि उन्हाळ हे कांद्याचे तीन हंगाम त्याला भूगोलाच्या आधी कळलेले असतात. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर रांगेत लागतो, लिलाव क्विंटलवर पुकारला जातो, हमाली आणि तोलाईचा हिशेब होतो, व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडून गोणीत भरतात, मग ट्रक वाशीला नाहीतर आणखी लांब. शेवटी हातगाडीवर तोच कांदा भलत्याच भावाने भेटतो. मधल्या मध्ये काय झाले, हा अर्थशास्त्राचा धडा.

नागरिकशास्त्रही लांब नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले, डिसेंबरात निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये, लोकसभेचे मतदान सुरू असताना, बंदी उठवली. केंद्र सरकार म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला पाठ दिल्लीत बसूनही कुणाला लिहिता येणार नाही. एक कांदा घेतला, तर भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र असे चारही विषय सुटतात. डोळ्यांना पाणी येते ते वेगळे.

पण बाजार समितीत मुलांना न्यायचे तर क्षेत्रभेट. क्षेत्रभेटीला मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची संमतीपत्रे, वाहन, सोबत शिक्षक, आणि काही झाले तर जबाबदार कोण हा प्रश्न. शेवटी ‘व्हिडिओ दाखवला’ असे लिहून निष्पत्ती साध्य होते. शाळेच्या कुंपणाबाहेरून त्या वेळी कांद्याचा ट्रॅक्टर जात असतो. त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतात.

सातवीच्याच मुलाने विधानसभा मतदारसंघांच्या नकाशावर आपला मतदारसंघ दाखवावा आणि आमदाराचे नाव सांगावे, अशीही एक निष्पत्ती आहे. महाराष्ट्रात असे २८८ मतदारसंघ. आमदाराचा पक्ष सांगण्याची अट नाही. २०१७ साली हे लिहिणाऱ्यांना जून २०२२ आणि जुलै २०२३ च्या पक्षफुटींची कल्पना असणे शक्य नव्हते; तरी पक्ष वगळण्याची सुबुद्धी त्यांना झाली, याबद्दल राज्यातले शिक्षक त्यांचे ऋणी आहेत.

तिसरीच्या पुस्तकाची गोष्ट थोडी वेगळी. बालभारती तिसरीचा परिसर अभ्यास जिल्हावार काढते. प्रत्येक जिल्ह्याच्या मुलाला आपला जिल्हा. चौथीत महाराष्ट्र, मग देश, मग जग, अशी ही चढण. अमेरिकेत पॉल हॅना यांनी जी विस्तारत्या वर्तुळांची मांडणी लोकप्रिय केली, तिच्याशी ती जुळते: घर, गल्ली, गाव आणि मग पुढे. कल्पना गोड आहे. फक्त जिल्हे स्थिर राहत नाहीत. १ मे १९६० ला राज्यात २६ जिल्हे होते, २०१४ मध्ये पालघर झाला तेव्हा ३६. पाठोपाठ नावे बदलली. ‘आपल्या जिल्ह्याचे नाव सांगतो’ ही सगळ्यांत सोपी निष्पत्ती; धाराशिव आणि अहिल्यानगरच्या आजोबा-नातवांत ती संध्याकाळभर चालते.

आणि मुलेही स्थिर राहत नाहीत. बीडमधल्या ऊसतोड कामगाराचे पोर दिवाळीच्या आगेमागे आईबापांसोबत बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये बसते आणि सांगली, कोल्हापूर, नाहीतर कर्नाटकातल्या फडावर उतरते. अशी मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे काढली आहेत, तरी अनेक जण जातातच. आठ वर्षांच्या त्या पोराला तीन जिल्ह्यांचे रस्ते, दोन नद्यांचे पूल आणि कुठल्या कारखान्याचा काटा मारतो, हे ठाऊक असते. त्याच्या हजेरीपुढे मात्र ‘स्थलांतरित’ असा शेरा असतो आणि ‘माझा जिल्हा’ या घटकात त्याची प्रगती ‘असमाधानकारक’ असते. सामाजिक शास्त्र इतके अंगावर घेऊन फिरणाऱ्या मुलाला त्याच विषयात नापास करायला विशेष नियोजन लागते.

मानकांचा हा छंद फक्त आपला नव्हे. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट मार्झानो आणि जॉन केंडल यांनी सगळ्या विषयांची मानके गोळा करून हिशेब मांडला. २०० मानके आणि त्यांखाली ३,०९३ टप्पे. ते नीट शिकवायला १५,४६५ तास हवेत. प्रत्यक्ष शिकवण्यासाठी मिळतात ९,०४२. म्हणजे शाळा बारावीऐवजी बाविसावीपर्यंत न्यावी लागेल. “मुलगा काय करतो?” “एकविसावीला आहे.” असे संवाद लग्नाच्या बैठकीत होण्याआधी कुणीतरी हा हिशेब केला, हे बरे झाले.

इतिहासाच्या बाबतीत तर तिथे महाभारत झाले. १९९४ मध्ये राष्ट्रीय इतिहास मानके जाहीर होण्याच्या सुमारास लिन चेनी यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये त्यांच्यावर तोफ डागली. ज्या सरकारी संस्थेने या कामाला पैसा दिला, तिच्या त्या पूर्वीच्या प्रमुख. त्यांनी चक्क मोजणी केली. मॅकार्थी आणि मॅकार्थीवाद १९ वेळा, कू क्लक्स क्लॅन १७ वेळा, हॅरिएट टबमन ६ वेळा, जनरल ग्रँट एकदा, जनरल ली शून्य. जानेवारी १९९५ मध्ये सेनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी मानकांचा निषेध केला. टेक्ससच्या शिक्षण मंडळाने २०१० च्या मार्चमध्ये जागतिक इतिहासातल्या एका यादीतून चक्क थॉमस जेफर्सनला वगळले आणि मे महिन्यात परत घेतले. नवे पुस्तक आले की कुणाला किती ओळी मिळाल्या, ते पट्टी घेऊन मोजणारे मराठी वाचक हे वाचून परके वाटून घेणार नाहीत.

आपल्याकडे तासांचा हिशेब कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास. कलम २७ सांगते की, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम द्यायचे नाही. महाराष्ट्रात निवडणुका म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, विधानसभा आणि लोकसभा. शिवाय मतदार याद्या बारमाही. लोकशाही शिकवायला म्हणून ठेवलेल्या तासिकांतून लोकशाहीच शिक्षकाला उचलून नेते. उरल्या वेळात पोषण आहाराचे आकडे, यू-डायस, क्रीडा स्पर्धा, शिष्यवृत्तीचे जादा तास आणि पायाभूत चाचणी. नियोजनात ‘ऑक्टोबर: तासिका १८’ असे सुवाच्य अक्षरात लिहिणाऱ्या शिक्षकाला ललित लेखनाचा पुरस्कार द्यायला हरकत नाही.

आता नवे येत आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आधी अभ्यासक्रमाची ध्येये, त्यांखाली क्षमता, त्यांखाली निष्पत्ती असे तीन मजले आहेत आणि वरच्या दोन मजल्यांना आपापले क्रमांक. राज्याचा आराखडाही त्याच वाटेने निघाला आहे. म्हणजे चौथा रकाना आणखी रुंद होणार आणि ‘साहित्य’ आणखी अरुंद. निष्पत्ती वाईट नाहीत. खरे तर सरकारी कागदांत इतका शहाणा कागद क्वचित सापडतो. तो क्रमांक घालण्यापुरता वापरणे हा मात्र अपव्यय आहे. त्यापेक्षा वर्षाला सहा-सातच निष्पत्ती निवडाव्यात, त्यांचे डावे रकाने मन लावून करावेत आणि बाकीच्या धड्यांतून झरझर जावे. तपासणाऱ्या साहेबांनीही त्यावर हिरवी शाई खर्च करावी.

ज्यांच्या घरी सातवी-आठवीचे मूल आहे, त्यांनी त्याच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकाची सुरुवातीची पाने एकदा उघडावीत. तिथे तो तक्ता दिसला, तर डावी बाजू वाचावी. पालकसभेत गुणांची चौकशी झाल्यावर, यातले यंदा काय काय करणार आहात, हे गोडीत विचारावे. आणि बाजार समितीच्या भेटीचे संमतीपत्र घरी आले, तर दप्तरात चुरगळू न देता त्याच रात्री त्यावर सही करावी.